अर्ध्यावरच्या बॅटऱ्या

खट्!

दुपारच्या सामसूम घरात पत्र्याच्या डब्याचं झाकण वाजलं, बाकी सगळं चिडीचूप. लेक भिंगरी शाळेतून येऊन झोपली होती. सासूबाई आपल्या खोलीत शाल पांघरून पडल्या होत्या. चहाचं पातेलं काढताना सुनेचा कोपर डब्याला लागला होता, आणि आता ती त्या डब्याकडे डोळे फाडून बघत होती.

हा इथे कसा?

सकाळीच तर तिने तो मागच्या पडवीतल्या कपाटात ठेवला होता. ठेवला होता ना? की ठेवायचा म्हणून उचलला आणि मधेच भिंगरीची वेणी घालायला गेली? आठवड्यातली ही चौथी वेळ. डबा कपाटात ठेवावा, आणि थोड्या वेळाने तो शेगडीशेजारच्या फळीवर हजर. तिने डबा उचलला, पडवीत नेला, कपाटात ठेवला, आणि या वेळी मोठ्याने स्वतःलाच सांगितलं, "ठेवला. मी ठेवला." साक्षीला कोणी नव्हतं, तरी सांगितलं.

डब्यात नवऱ्याच्या विमानाच्या तीन बॅटऱ्या होत्या. विमान म्हणजे दुकानातलं खेळणं नव्हे. त्याने स्वतः फोम कापून, चिकटवून, रंगवून केलेलं, दोन हात लांब पंखांचं, रिमोटवर उडणारं. नवरा दूरच्या एका बंदरात क्रेन चालवायचा. तीन महिन्यांचं काम म्हणून गेला होता, आता पाचवा महिना लागला होता. दोनदा यायचं ठरलं, दोनदा फिसकटलं. या रविवारी मात्र नक्की. रविवारी येणार, भिंगरीला मैदानावर नेणार, विमान उडवणार. भिंगरीने शाळेत बाईंनाही सांगून टाकलं होतं.

जाताना त्याने एक कागद लिहून दिला होता. तो तिला आता पाठ झाला होता, कळला मात्र नव्हता. बॅटऱ्या थंड जागी ठेवाव्यात. गोठू देऊ नयेत. पूर्ण भरून ठेवू नयेत. रिकाम्या होऊ देऊ नयेत, अर्ध्यावर ठेवाव्यात. उडवण्याआधी ऊब द्यावी. तापवू नये. भिंगरीच्या वेळी दवाखान्यातून दिलेला कागद याहून सोपा होता, आणि बाळ निदान चुकलं की रडायचं तरी. या तिघी मुक्या. काय हवंय, काय नकोय, काही पत्ता लागू देत नव्हत्या.

आणि फोनवर तो आधी त्यांचीच चौकशी करायचा.

"बॅटऱ्या बऱ्या आहेत ना? थंडी फार आहे म्हणे तिकडे."

"आहे. आम्हीही बऱ्या आहोत."

"हो हो, ते विचारणारच होतो."

विचारणार होता की नव्हता, हे तिला पाच महिन्यांत ठरवता आलं नव्हतं. लग्नाआधी हाच माणूस तासन्‌तास बोलायचा. आता व्होल्टवर बोलायचा. कधी वाटायचं, बिचाऱ्याला बाकी काही बोलता येत नाही म्हणून बॅटऱ्यांच्या आडून बोलतोय. कधी वाटायचं, आडबिड काही नाही, त्याला खरंच बॅटऱ्यांचीच काळजी आहे.

शुक्रवारी संध्याकाळी ती पडवीत वाळलेले कपडे काढत होती. दार हळूच करकरलं. सासूबाई आल्या, कपाट उघडलं, डबा उचलला, शालीच्या आत घेतला आणि निघाल्या.

"आई!"

सासूबाई दचकल्या, पण डबा सोडला नाही. "काय गं केवढ्याने ओरडतेस! हातातून पडला असता म्हणजे?"

"तुम्ही नेताय होय रोज? अहो, मला वाटलं माझं डोकं फिरलंय!"

"आणि मला वाटलं तू विसरभोळी झालीस. मी आपली रोज आत आणून ठेवते, तू रोज बाहेर. म्हटलं, पोरीच्या मागे धावून धावून दमते बिचारी, बोलायचं कशाला?"

"पण थंड जागी ठेवायच्यात त्या!"

"तोच म्हणाला ना, थंडीत यांचा जीव जातो म्हणून? मला स्वतः सांगून गेलाय. पाणी गोठतंय बाहेर आणि तू यांना पडवीत टाकतेस. शेगडीपाशी जरा ऊब तरी मिळते."

"उबेत त्या उडवायच्या आधी घ्यायच्या. ठेवायच्या थंडच."

"मग गोठू देऊ नये, असं का लिहिलंय?"

दोघी पडवीत उभ्या राहिल्या, मधे डबा. आठवडाभर तो डबा रोज थंडीतून उबेत, उबेतून थंडीत येरझाऱ्या घालत होता, आणि त्या दोघी एकमेकींना सांभाळून घेत होत्या. सासूबाईंना आधी हसू आलं. मग तिलाही.

झाकण उघडलं आणि हसू मावळलं. एक बॅटरी फुगली होती, पोळलेल्या बोटासारखी टम्म. शेगडीने फुगली, की या येरझाऱ्यांनी, की आधीपासूनच तशी होती, देव जाणे.

"रागावेल का गं तो?" सासूबाईंनी विचारलं. स्वतःच्या मुलाला त्या घाबरत नव्हत्या, पण त्याने दिलेला विश्वास मोडला याचं त्यांना वाईट वाटत होतं, ते त्यांच्या आवाजात जाणवत होतं.

"दोन आहेत ना चांगल्या. पुरेत रविवारला," ती म्हणाली. फुगलेली तिने वाळू भरलेल्या कुंडीत, घरापासून लांब नेऊन ठेवली. कागदावर तसंच लिहिलं होतं, आणि या एका वाक्याबद्दल तरी दोघींचं एकमत झालं.

शनिवारी सकाळी तिने उरलेल्या दोन बॅटऱ्या खोलीत आणल्या. गार असताना चार्ज करायच्या नसतात, म्हणून दोन तास नुसत्याच ठेवल्या. मग एकेक करून चार्जरला लावली आणि समोर ठाण मांडून बसली, कारण लावून निघून जायचं नसतं. भिंगरी मांडीत होती. चार्जरवरचे आकडे चढत होते.

"पूर्ण भरली की बाबा येणार?"

"पूर्ण भरली की उडवायला तयार. भरून ठेवली की एक-दोन दिवसांत उडवावीच लागते, नाहीतर खराब होते. म्हणून तर आज भरतोय, उद्यासाठी."

दुसरी बॅटरी भरली आणि तेवढ्यात फोन आला.

"भरल्यास का गं?"

"दोन्ही. आत्ताच."

पलीकडे क्रेनचा भोंगा वाजला. मग तो म्हणाला, "बरं, मग एक कर. त्या परत अर्ध्यावर आण. चार्जरमध्ये सोय आहे, तीनेक तास लागतील."

पाच महिन्यांत तिला बाकी काही कळलं नसेल, पण एवढं कळलं होतं. पूर्ण म्हणजे उद्या. अर्ध्यावर म्हणजे कधी ते माहीत नाही.

"येत नाहीयेस तू."

"जहाजं अडकलीत गं, कुणालाच सोडत नाहीयेत. भरलेल्या ठेवल्यास तर खराब होतील, म्हणून म्हटलं."

"किती दिवस?"

"आठवडाभर जरी भरलेल्या राहिल्या तरी…"

"बॅटऱ्यांचं नाही विचारलं मी."

"कळलं मला," तो म्हणाला. कळलं तर मग बोल ना, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण लाईन गेली. तोडली की तुटली, तेही समजलं नाही.

तिने बॅटऱ्या चार्जरला लावल्या नाहीत. राग होता म्हणावं तर राग नव्हता. भिंगरीला कसं सांगायचं, हेच सुचत नव्हतं. रविवारी सकाळी एकदाचं दोघींना सांगून टाकलं, आणि दुपारी ऊन डोक्यावर आल्यावर ती सासूबाईंना म्हणाली, "चला, उडवू या."

"कोण उडवणार?"

"मी. उन्हाळ्यात शिकवलंय त्याने थोडं."

"थोडं म्हणजे?"

"म्हणजे वर नेता येतं."

"आणि खाली?"

"खाली आपोआप येतं."

सासूबाईंनी सुनेला एकदा आपादमस्तक न्याहाळलं आणि मुकाट्याने बूट घातले.

मैदानावर गवत कडकडीत झालं होतं. एक बॅटरी तिने स्वेटरच्या आत पोटाशी धरली होती, दुसरी सासूबाईंच्या शालीत होती. "आता घेतली ना उबेत? मग मी काय वेगळं करत होते?" सासूबाई पुटपुटल्या. बॅटरी बसवली, भिंगरीने घड्याळ धरलं, सासूबाईंनी विमान डोक्यावर उचलून असं भिरकावलं की सूनच घाबरली. विमान खाली झुकलं, डगमगलं, आणि मग पंख सावरून चढलं.

थंडीत बॅटरी लवकर दमते, म्हणून एरवीच्या सहाऐवजी चारच मिनिटं. उजवं की डावं, याचा दोनदा घोटाळा झाला. विमान तिच्याकडे तोंड करून आलं की दिशाच उलट्या व्हायच्या. भिंगरी ओरडत होती, "तीन मिनिटं! तीन आणि थोडी!" चौथ्या मिनिटाला तिने पंखा बंद केला, विमान गवतावर घसरत आलं आणि नाक टेकवून थांबलं. काही मोडलं नाही. दुसरी बॅटरीही तशीच वापरून झाली.

तिने व्होल्ट मोजायची डबी लावली. दोन्ही अर्ध्यावर. तीन पॉइंट आठ व्होल्ट, त्याने सांगितलं होतं अगदी तेवढ्या. त्याचं ऐकलं, की मोडलं? ती आकड्याकडे बघत राहिली. सासूबाई विमानाच्या पोटावरचं गवत झटकत म्हणाल्या, "फोन कर त्याला. सांग, बायकोने उडवलं. खूश होईल." मग हळूच, "होईल ना?"

भिंगरीचं नाचून झालं होतं, टाळ्या वाजवून झाल्या होत्या. ती आईच्या स्वेटरचं टोक धरून उभी होती.

"आई, नको सांगू बाबाला."

"का गं?"

"विमान उडवायला येणार होता ना तो? आता तुलाच येतं. मग तो कशाला येईल?"