घुंगरांचं जाळं

डोळे मिटा आणि बघा बरं. तळं आहे, पण काठापासून पाण्यापर्यंत पोचायला भेगाळलेल्या गाळातून दोन शेतं ओलांडावीत इतकं चालावं लागतं. मधोमध उरलेल्या डबक्यात एक होडी. होडीत तुमच्याएवढी शीला बसली आहे आणि तिचे आबा, म्हणजे आजोबा कडूबा, खांद्यावर जाळं घेऊन उभे आहेत. दिसलं?

हर्सूलचं तळं त्या उन्हाळ्यात असं आटलं होतं. शीलाच्या बापाला, पुंडलिकला, शहरात उस्मानपुऱ्यात नव्या इमारतीवर राखणदारी मिळाली होती, राहायला पत्र्याची खोलीही. त्यानं काल सांगून टाकलं होतं की आज मरळ गावली तर पावसापर्यंत इथंच थांबू, नाही तर उद्या सकाळी सगळ्यांनी निघायचं. मरळ म्हणजे बाजारात सगळ्यात महाग जाणारा मासा, पण मोठी हुशार. गळाला जिवंत बारीक मासा लावल्याशिवाय ती येत नाही. म्हणून आधी ते बारीक मासे धरायचे होते.

आबांचं जाळं साऱ्या तळ्यात निराळं. बहात्तरच्या दुष्काळात त्यांची मेंढरं गेली, गळ्यातली घुंगरं तेवढी उरली. पुढं मासे धरायला शिकले तेव्हा जाळं बुडावं म्हणून लावतात त्या शिशाच्या गोळ्यांऐवजी त्यांनी तीच घुंगरं जाळ्याच्या कडेला ओवली. जाळं पडलं की छनछन व्हायची आणि मासे पसार. जुने भोई पोट धरून हसायचे, मासे धरतो का मेंढरं वळतो म्हणून विचारायचे. शेवटी आबांनी एकेका घुंगरात चिंधी कोंबली. घुंगरं मात्र सोडली नाहीत.

आबांनी जाळ्याची कड दातांत धरली आणि कमरेतून गिरकी घेतली. जाळं परातीसारखं उघडून पाण्यावर पडलं. एरवी दोरी हातातून सरसर सुटायची; आज हातभर गेली आणि थांबली. तीनदा नुसता गाळ आला. चौथ्यांदा गाळात बोटाएवढे तीन मासे तडफडले. शीलानं ते झटकन पाण्याच्या डब्यात टाकले.

"आबा, गावले. आता थांबायचं ना आपण?"

आबांनी एक मासा तळहातावर घेतला. पोट टम्म फुगलेलं. दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. मग ते बराच वेळ काठापलीकडच्या नव्या इमारतींकडं बघत राहिले.

"गाभण हायेत, बाई. गाभण मेंढी आपण कधी कापली नाय."

"पण मासाच हाय की, आबा."

"व्हय. मासाच हाय."

असं म्हणून त्यांनी डबा हळूच पाण्यात कलता केला. तीन शेपट्या गढूळ पाण्यात दिसेनाशा झाल्या. आबा खाली बसले. जाळं त्यांच्या पायांपाशी ओलं पडून होतं.

उद्या निघायचंच होतं, आता मासे पळाले तरी चालणार होतं. शीलानं वेणीतला आकडा काढला, जाळ्याची कड मांडीवर ओढली आणि पहिल्या घुंगरातली चिंधी उकरायला लागली.