मागल्या दारावरचा आकडा

गेरूत बुडवलेला कुंचला मागल्या दारापर्यंत नेऊन अच्युत मास्तर थबकले. भाऊरावांनी चौकटीवर हात आडवा धरला होता.

"घर एकच आहे मास्तर. काहून उगाच आकडे वाढवून राहिले?"

"खानेसुमारीचा नियमच तसा आहे, भैयाजी. एका चुलीवर जेवतात ते एक घर. चूल वेगळी, तर नंबर वेगळा."

आत विनता पदर डोक्यावर ओढून उभी होती. नवऱ्याचं तेरावं झालं आणि दिराने, ह्याच भाऊरावांनी, तिला ह्या दोन खोल्यांत लोटलं, त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून ती आपल्या हाताने रांधून खात होती. चेरीताल मोहल्ल्यातल्या कुत्र्यामांजरांनासुद्धा ते ठाऊक होतं! आता भाऊरावांना खोल्या भाड्याने द्यायच्या होत्या आणि तिला नर्मदेकाठी ग्वारीघाटच्या धर्मशाळेत धाडायचं होतं. सरकारी कागदावर तिचं वेगळं घर लागलं, तर ते इतकं सोपं जाणार नव्हतं. तिचा जीव टांगणीला लागला होता.

"ही चूलच आहे ना?" मास्तरांनी आत डोकावून विचारलं.

"अहो, आंघोळीच्या पाण्याची! राख पाहा, गार पडली आहे. वहिनी आमच्यातच जेवतात, सहा वर्षं झाली. पुष्पा, वहिनींचं ताट आण बरं."

विनताने तोंड उघडलं. पण परक्या माणसासमोर दिराला खोटं पाडायचं, ह्या विचारानेच तिची वाचा बसली. स्वतःचाच तिला संताप आला.

भाऊरावांची बायको लगबगीने आली. वरण, भात, वर तुपाची धार. सहा वर्षांत पहिल्यांदा तिने विनतापुढे ताट ठेवलं, आणि तेही किती गोड बोलून!

"बसा जाऊबाई. रोजच्यासारखं."

भाताची वाफ विनताच्या तोंडावर आली. काल दुपारपासून तिच्या पोटात अन्न नव्हतं. क्षणभर ती ताटाकडे पाहत राहिली, मग तिने ते हलकेच परत सरकवलं.

"आज एकादशी आहे," ती म्हणाली.

पुष्पाने जीभ चावली.

"सहा वर्षं तुम्हीच वाढताय ना ह्यांना?" मास्तरांनी तिला शांतपणे विचारलं.

भाऊरावांचा हात चौकटीवरून खाली आला. मास्तरांनी दारावर आकडा काढला, कागद पुढे ओढला.

"बाई, ह्या घरात माणसं किती लिहू?"

"एक," विनता म्हणाली, आणि तिला रडू कोसळलं.