सरावाचं अस्वल

मी अस्वलाचा एक जुना पोशाख आहे. बाहेर काळी केसाळ कातडी, आत कापूस आणि पाठीवर एक अडकणारी चेन. घाबरू नका मित्रांनो, माझे दात लाकडाचे आहेत आणि त्यातले दोन कधीच पडले.

वन्यप्राणी उद्यानाच्या साहेबांनी मला एका शिंप्याकडून शिवून घेतलं. खऱ्या अस्वलांभोवती खंदक होता, उंच जाळी होती, शिवाय दोन दारं. एक लागल्याशिवाय दुसरं उघडतच नसे. तरी साहेब म्हणायचे, "उद्या एखादं सुटलंच, तर काय करायचं ते लोकांच्या अंगवळणी पडलेलं बरं." म्हणून अधूनमधून सराव व्हायचा. भोंगा वाजायचा, मला घातलेला माणूस रस्त्यावर यायचा आणि लोकांनी जवळच्या पक्क्या खोलीत शिरून दार लावायचं.

मला घालायचा तो अस्वलांचा राखणदार. माणूस मनाने फार मऊ. एखादं पोर रडू लागलं की हा लगेच माझं डोकं उतरवायचा आणि घामेजल्या चेहऱ्याने हसायचा. "अरे, मी आहे रे! रडतोस काय वेड्यासारखा?" मग काय, खोलीत कोण जातंय! सगळे टाळ्या वाजवायचे. त्याची लेक ठमी तर "बाबा!" करत धावत यायची आणि माझ्या पोटाला मिठी मारायची. खरं सांगतो, माझ्या कापसावरही मूठभर मांस चढायचं.

मग एक दिवस वादळी वारा सुटला. झाडाची भलीमोठी फांदी खंदकावर आडवी होऊन जाळीवर कोसळली आणि तिच्यावरून थोरली अस्वलीण बाहेर आली. भोंगा वाजला. राखणदार तेव्हा वाळत घातलेल्या मला दोरीवरून उतरवत होता. मला खांद्यावर टाकून तो तसाच धावला.

रस्त्यावर लोक उभे होते आणि टाळ्या वाजवत होते. "आले, आले, अस्वलकाका आले!" गर्दीतून ठमी दोन्ही हात पसरून त्या अस्वलिणीकडे धावत निघाली होती.

"ठमे! मी इथे आहे! ती मी नाही गं!"

असा आवाज मी त्याच्या तोंडून कधीच ऐकला नव्हता. ठमी जागच्या जागी थबकली. त्याने मला अस्वलिणीच्या अंगावर भिरकावलं, लेकीला उचललं आणि खोलीत नेऊन दार लावलं. बाकीचेही भानावर येऊन पळाले. अस्वलीण माझा कान ओढत बसली, तेवढ्यात प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तिला लांबूनच गुंगीचं इंजेक्शन मारलं.

मग माझं कौतुक काय विचारता! पोशाखाने पोरीला वाचवलं म्हणे. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती माझ्यामुळेच तर धावली होती! राखणदार मला मांडीवर घेऊन कान शिवत होता आणि पुटपुटत होता, "तिला मीच शिकवलं. अस्वल दिसलं की जवळ जायचं, हे मीच शिकवलं." साहेब म्हणाले, "हे काम दुसऱ्या कुणाला देऊ या." तो म्हणाला, "नको साहेब. मी बिघडवलंय, मीच नीट करणार."

पुढच्या सरावाला त्याने पुन्हा मला अंगावर चढवलं. भोंगा वाजला. ठमी रस्त्यातच उभी होती. "बाबा, तूच आहेस ना आत?" तिने विचारलं. "बाबा, सांग ना!" माझ्या आत तो हुंदके दाबत होता, माझा गळा आतून भिजला होता. तरी त्याने डोकं उतरवलं नाही. दोन्ही पंजे उगारून तो मोठ्याने गुरगुरला. ठमी किंचाळली आणि खोलीकडे पळाली. दार धाडकन लागलं. काचेमागून ती आमच्याकडे अशी बघत होती, जणू आम्ही तिचे कुणीच नाही.

आम्हाला हेच तर हवं होतं. तरी आम्ही दोघे तिथेच मान खाली घालून उभे राहिलो.

मित्रांनो, भोंगा वाजला की आत कोण आहे ते बघत थांबू नका. खोलीत जा आणि दार लावून घ्या. आणि ज्याने तुमच्या भल्यासाठी तुम्हाला घाबरवलं, त्याला घरी गेल्यावर जवळ घ्या. ठमीने त्या दिवशी बाबाला जवळ घेतलं की नाही, मला ठाऊक नाही. मला संध्याकाळी खुंटीवर अडकवून तो एकटाच घरी गेला.