अकरावा फासा

मित्रांनो, मला पाहिलेत तर आधी तुम्हाला हसूच येईल. ओकच्या जाड फळ्या, त्यांवरचा उडालेला हिरवा रंग, गंजलेल्या खुंट्या आणि डाव्या कोपऱ्यात गांधीलमाश्यांनी कधीच सोडून दिलेले एक पोळे. असा मी, ओहायोतल्या थॉर्नबरी कॉलेजचा जुना गुणफलक. मैदानाच्या टोकाला उभे राहून कोणाचे किती गुण झाले ते गावाला सांगायचे, एवढेच माझे काम. ते मी इमानाने केले. माझ्यावर शेकडो सामने लागले आणि उतरले, त्यांतला एकही मला छळत नाही. मला छळत राहिला तो एक न झालेला सामना.

कॉलेजच्या सुताराने मला एका पाडलेल्या कोठाराच्या फळ्यांतून घडवले. आकडे पत्र्याचे होते. लांब काठीच्या टोकाच्या हुकाने ते खालूनच खुंटीवर अडकवायचे. डावीकडे 'घरचे', उजवीकडे 'पाहुणे'. शनिवारी दुपारी सगळे गाव बाकांवर येऊन बसे. घरच्यांचा आकडा बदलला की असा गलका उठे की माझ्या फळ्या थरथरत. खोटे कशाला सांगू, तेव्हा मला वाटायचे की सगळे माझ्याकडेच बघून टाळ्या वाजवतात.

मग एकोणीसशे छप्पन्न सालचा तो संघ आला, चेंडू हातात घेऊन पळायच्या अमेरिकन फुटबॉलचा. त्या काळी तेच अकरा गडी चढाईही करत आणि बचावही, त्यामुळे सामना संपेपर्यंत ते चिखलात इतके माखत की त्यांच्या आयांनाही ओळखू आले नसते. त्यांचा कप्तान होता एल्डन स्ट्रूबेल. मानेने जाड, बोलायला कमी, आणि हट्टी तर असा की पंचांनीही त्याच्याशी वाद घालणे सोडले होते. आणि डाव्या कडेने पळणारा होता ल्यूशस ग्रेडी. संघातला एकटा काळा मुलगा. चेंडू त्याच्या हातात पडला की बाकांवरचे लोक आधीच उठून उभे राहत. त्या मोसमात 'पाहुणे' एकदाही 'घरच्यां'च्या पुढे गेले नाहीत.

तेव्हा देशातला सर्वांत चांगला संघ कोणता, हे मैदानावर ठरत नसे. आज मोठ्या कॉलेजांची बाद फेरी असते. हरला तो घरी, उरला तो विजेता. तेव्हा वर्तमानपत्रवाले मते देऊन पहिला नंबर ठरवत, आणि मोसम संपल्यावर दक्षिणेत एक बड्या थाटाचा निमंत्रितांचा सामना होई. तिथे जो गाजे, त्याला मते मिळत. आमच्यासारख्या आडगावच्या कॉलेजला तिथे कोण विचारणार? पण त्या वर्षी विचारले.

निरोप आला त्या दिवशी कोचने सगळ्यांना माझ्याखाली उभे केले. निमंत्रण आहे, म्हणाले, पण एक अट आहे. तिथल्या मैदानावर काळा खेळाडू चालत नाही. तसा तिथला नियमच आहे. ल्यूशसला ठेवून या.

"मग आम्ही नाही येत," एल्डन म्हणाला. कोचचे बोलणे अजून पुरे व्हायचे होते.

"एल्डन, नीट विचार करा रे. अशी संधी पुन्हा—"

"विचार झाला, कोच. गेलो तर सगळे. नाहीतर कोणीच नाही."

बाकीच्यांनी नुसत्या माना हलवल्या. कुरकूर नाही, वाद नाही. मला त्यांचा अभिमान वाटला आणि तो आजही आहे. पण मित्रांनो, मी उंचावर असतो, त्यामुळे मला सगळे दिसते. ल्यूशस रांगेच्या टोकाला उभा होता. त्याने वर माझ्या कोऱ्या चेहऱ्याकडे पाहिले. त्याच्याकडे मात्र कोणीच पाहिले नाही. त्याला अवघडल्यासारखे होईल म्हणून सगळे बुटांकडे बघत राहिले आणि तसेच, त्याला ओलांडून, कपडे बदलायला निघून गेले. तो बराच वेळ एकटाच उभा होता. मला हात असते तर मी त्याच्या खांद्यावर ठेवला असता.

वर्तमानपत्रवाल्यांनी मते दिली आणि आमचे नाव पार तळाशी गेले. परीक्षा संपल्यावर ल्यूशस डेट्रॉईटला गेला. शाळेत मुलांना गणित शिकवतो, एवढेच पुढे गावाला कळले. संघाच्या एकाही मेळाव्याला तो आला नाही.

वर्षे गेली. गावाबाहेर नवे मैदान झाले, तिथे विजेवर चालणारा फलक आला. मी सरावाच्या जुन्या मैदानावर पडून राहिलो. पाऊस, बर्फ, खारी. पण दर नोव्हेंबरात एका शनिवारी त्या संघातले जे गावाजवळ राहत ते घडीचे टेबल घेऊन माझ्याखाली जमत. एल्डन आता लोखंडी सामानाचे दुकान चालवत होता. तो टेबलावर एक कॉफीचा डबा ठेवी. डब्यात अकरा फासे असत, प्रत्येकावर एकेकाच्या नावाचे अक्षर कोरलेले.

हा खेळ त्यानेच काढला होता. छप्पन्न साली बाद फेरी असती तर? त्या वर्षीचे आठ चांगले संघ घ्यायचे, त्यांना एक ते आठ क्रम द्यायचे, जोड्या लावायच्या आणि फासे टाकायचे. अकरा फाशांवर पडेल ती बेरीज म्हणजे त्या संघाचे गुण. पाहुण्यांचे बिननावाचे अकरा फासे वेगळे होते, ते टाकायची विल्मा कोट्स. संघात मधल्या फळीत खेळणाऱ्या ऑर्विलची बायको, चौकातले उपाहारगृह तिचेच. ती राजम्याचे सूप आणि मक्याचा पाव घेऊन येई आणि आल्या आल्या एल्डनची खोडी काढी.

"त्या किनाऱ्यावरच्या पोरांना तू पुन्हा पाचवं केलंस? त्यांची आघाडीची फळी बघितली होतीस का कधी? रेडे होते रेडे."

"रेडे पळत नाहीत, विल्मा."

"तू तरी कुठं पळत होतास?"

खेळाचे दोन नियम होते. फासा पुन्हा टाकायचा नाही, पडेल तो निकाल माझ्यावर लावायचा आणि वसंत येईपर्यंत तसाच ठेवायचा. दुसरा नियम असा की ज्याचा फासा त्यानेच टाकायचा. माणूस गेला की कप्तान त्याचा फासा टाकेल. पण जिवंत माणसाचा फासा दुसऱ्या कोणी उचलायचा नाही. ल्यूशस जिवंत होता आणि येत नव्हता. म्हणून त्याचा फासा दर वर्षी डब्याच्या तळाशीच राही. पाहुण्यांचे अकरा फासे पडत आणि आमचे दहा.

आता जे सांगतो त्यावर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. डब्यात फासे खुळखुळले की नदीकडून धुके येई आणि मैदानावर ती मुले उभी राहत. तशीच, विशीतली, चिखलाने माखलेली, तोंडातून वाफा सोडणारी. त्यांच्या बुटांचा आवाज येत नसे आणि गवत दबत नसे. पहिल्या वर्षी मी घाबरलो. टेबलाशी पोट सुटलेला एल्डन बसलेला आणि तिकडे मैदानावर बारीक कमरेचा एल्डन हात वर करून चेंडू मागतोय! पण खरी भीती वेगळी होती. ते दहाच असत. डाव्या कडेला एक जागा मोकळी असे आणि चेंडू दर वेळी तिकडेच फेकला जाई. तो मोकळ्या जागेतून जाऊन गवतावर पडे. दहाही जण वळून त्याच्याकडे बघत राहत. मग धुके विरे आणि एल्डन काठीने माझ्यावर हरल्याचा आकडा चढवी. एकदोनदा ते अंतिम फेरीपर्यंत पोचले, पण हरले दर वर्षी. आणि वसंतापर्यंत मी तो पराभव छातीवर घेऊन त्या मोकळ्या जागेसमोर उभा राही.

टेबलाभोवतीची माणसे कमी होत गेली. ऑर्विल गेला, इतर गेले. शेवटी एल्डन आणि विल्मा दोघेच येऊ लागले, आणि एल्डन नऊ मेलेल्यांचे फासे एकेक करून टाकू लागला. अशातच कॉलेजने ठरवले की जुन्या मैदानावर गाड्या उभ्या करायची जागा करायची. मला पाडायचे होते. तो शेवटचा नोव्हेंबर.

त्या शनिवारी विल्माच्या गाडीतून तिसरा माणूस उतरला. उंच, वाकलेला, राखाडी टोपी घातलेला. चालताना डावा पाय किंचित आत पडत होता. ती चाल मी ओळखली.

एल्डन खुर्चीतून उठला आणि तसाच उभा राहिला. "ल्यूशस?"

"म्हातारा झालास रे, कप्तान."

"हिनं बोलावलं तुला?"

"मग काय तू बोलावणार होतास?" विल्मा सुपाचे भांडे ठेवत म्हणाली. "तू तर या फळकुटाशी बोलतोस, पण माणसाला फोन करत नाहीस."

फळकूट म्हणजे मी. मला राग आला नाही.

ल्यूशस बसला. डबा उपडा करून त्याने फासे चाळले. दहा फाशांचे कोपरे झिजून गोल झाले होते. अकराव्याचे कोपरे करकरीत होते आणि त्यावर त्याचे अक्षर होते. एल्डनने त्याला बाद फेरी समजावली, नियम सांगितले. ल्यूशस तो फासा बोटांत फिरवत ऐकत होता.

"म्हणजे इतकी वर्षं तुम्ही दहाच जण खेळत होतात."

"तुझी जागा आम्ही कुणाला दिली नाही, ल्यूशस. कुणाला म्हणजे कुणालाच. नियमच होता तो."

"नियम तर त्या लोकांचाही होता, एल्डन."

सूप निवत होते. एल्डनचा चेहरा असा झाला की मला बघवेना. ज्याला सोडून जायचे नाही म्हणून या माणसाने छप्पन्न सालात सगळ्यावर पाणी सोडले, त्यालाच सोडून तो दर वर्षी खेळायला जात होता, आणि हे त्याला आज कळत होते.

"मला वाटलं तू रागावलायस," तो कसाबसा म्हणाला. "कधी आलाच नाहीस."

"कुठल्या तोंडानं येऊ? तुमच्या सगळ्यांचं माझ्या एकट्यामुळे गेलं. पोरांना गणितं शिकवताना मनात एकच हिशेब चालायचा. मी नसतो तर तुम्ही गेला असता. गेला असता तर जिंकला असता. तुम्ही त्या दिवशी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत."

"अरे, तुला वाईट वाटू नये म्हणून—"

"आलं माझ्या लक्षात. पण फार उशिरा आलं."

विल्माने हातरुमालाने डोळे पुसले आणि डब्यावर चमचा वाजवला. "रडायचं असेल तर घरी जाऊन रडा. फासे टाका."

पहिली फेरी जिंकली, दुसरीही जिंकली. फासे चांगले पडत होते. अंतिम सामना दक्षिणेतल्या त्याच संघाशी, जो त्या वर्षी निमंत्रितांचा सामना जिंकला होता. विल्माने पाहुण्यांचे फासे टाकले. बेरीज अडतीस. मग ल्यूशसने आपला टाकला. सहा! एल्डनने नऊ जणांचे टाकले. ऑर्विलच्या फाशावर पाच पडले तेव्हा विल्मा म्हणाली, "बघा! घरात कधी एक कप उचलला नाही, इथं मात्र पाच!" सगळे मिळून छत्तीस झाले. उरला एल्डनचा स्वतःचा. दोन पडले तर बरोबरी, तीन पडले तर जिंकलो.

धुके आले होते. मैदानावर अकरा जण उभे होते. चेंडू डाव्या कडेला गेला आणि या वेळी तो गवतावर पडला नाही. दोन हातांनी तो झेलला आणि ती जुनी धाव सुटली. मला ओरडावेसे वाटले.

एल्डनने फासा टाकला. एक.

मग ल्यूशस हसायला लागला. आधी हळू, मग टोपी खाली पडेपर्यंत, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "एक! इतकी वर्षं मला वाटत होतं माझ्यामुळे गेलं, आणि घालवलं कुणी, तर या कप्तानानं!"

"हाताला वात झालाय माझ्या," एल्डन म्हणाला. मग तोही हसला, आणि हसता हसता त्याने उठून ल्यूशसच्या खांद्यावर हात ठेवला. "हरलो रे. पण अकरा जण हरलो."

काठी ल्यूशसने घेतली. घरचे सदतीस, पाहुणे अडतीस. आकडे त्यानेच माझ्यावर चढवले. तिकडे ती अकरा मुले एकमेकांच्या गळ्यात हात टाकून मैदानाबाहेर निघाली. जाताना एकाही जणाने मागे वळून पाहिले नाही. त्यानंतर ती मला कधी दिसली नाहीत. इतकी वर्षे मी त्यांना भ्यायलो, आणि आता त्यांची आठवण येते.

मला पाडले तेव्हा एल्डनने आकड्यांना खिळे ठोकून घेतले. हल्ली मी विल्माच्या उपाहारगृहात भिंतीवर असतो. एल्डन गेला. डबा ल्यूशसकडे आहे. तो वर्षातून एकदा येतो, माझ्याखाली बसतो, सूप पितो. फासे कोणी टाकत नाही. नवे गिऱ्हाईक विचारते की हा कुठला सामना, आणि हरलेला सामना भिंतीवर कशाला लावला? विल्मा म्हणते, "आमचे सगळे खेळले होते त्यात."

मित्रांनो, आम्ही जुन्या वस्तू नेहमी स्वतःसाठीच मागणे मागतो. पुसा, रंग द्या, अडगळीत टाकू नका. मला त्यातले काही नको. तुमच्यातला कोणी यायचा थांबला असेल तर त्याची जागा मोकळी ठेवून त्याचा मान राखला असे समजू नका. त्याला हाक मारा. एल्डनला ते जन्मभर जमले नाही. विल्माने तो फोन याच भिंतीजवळ उभे राहून केला होता, आणि तो झाला तेव्हा तिची शेगडीवरची कॉफी अजून उकळलीसुद्धा नव्हती.