रिकामे चौकोन

बियांच्या चाचणीचा तक्ता पुढ्यात ओढून तिने चौथ्यांदा तीच बेरीज केली. उत्तर चौथ्यांदा तेच आले.

“किती वेळ तेच दळण?” बाबांनी पलंगावर पडल्यापडल्या विचारले.

“साहेबांना उद्या प्रचरण विश्लेषण हवंय, दोन घटकांनी किती फरक पडतो त्याचं. भिजवलेल्या बियांची सरासरी पंचवीस, कोरड्यांचीही पंचवीस. फरकच नाही, तर विश्लेषण कसलं?”

“सगळ्या एकाच खोलीत होत्या?”

“निम्म्या उबदार खोलीत, निम्म्या थंड खोलीत. पण सरासरी काढताना आम्ही सगळे ट्रे एकत्रच धरतो. वेळ वाचतो.”

“तिथेच घोडं पेंड खातंय. कागद दे.”

छत्तीस वर्षे गणित शिकवलेल्या माणसाला असा प्रश्न म्हणजे मेजवानी. खुब्याचे हाड मोडल्यापासून दोन वर्षे ते घराबाहेर पडले नव्हते. ती सकाळी त्यांच्या उशाशी डबा ठेवून प्रयोगशाळेत जाई, दुपारी धावत येऊन त्यांना उठवून बसवी आणि धावत परत जाई. डोंगरापलीकडच्या संशोधन केंद्रावरून तिला नोकरीचे पत्र आले होते: स्वतःची छोटी प्रयोगशाळा, राहायला घर. उत्तर उद्यापर्यंत द्यायचे होते. बाबांना तिने काही सांगितले नव्हते.

हाताला लागला तो पाठकोरा कागद तिने दिला. बाबांनी एक आडवी, एक उभी रेघ ओढली.

“आता वहीतले आकडे वेगवेगळे सांग. पन्नासपैकी किती उगवल्या?”

“भिजवलेल्या, उबेत चाळीस. थंडीत दहा.” तिने पान उलटले. “कोरड्या, उबेत बारा. थंडीत... अडतीस.”

“मग भिजवणं चांगलं की वाईट?”

ती चार चौकोनांकडे बघत राहिली. “उबेत चांगलं. थंडीत वाईट.” मग सावकाश म्हणाली, “म्हणजे नुसतं भिजवण्याबद्दल विचारण्यात अर्थच नाही. कुठे भिजवल्या, तेही विचारायला हवं.”

“याला आंतरक्रिया म्हणतात. सरासरीनं ऊब आणि थंडी दोघींना एका पांघरुणात झोपवलं होतं.” बाबा खुशीत हसले आणि पुढचे काही मांडायला त्यांनी कागद उलटा केला.

तेव्हा तिला आठवले. ती उठली, पण उशीर झाला होता. बाबांनी चष्मा वर सारला. तीनच ओळी होत्या: कौटुंबिक अडचणीमुळे ही जागा स्वीकारता येत नाही, क्षमस्व.

“कच्चा खर्डा आहे तो, बाबा.”

तिच्या सहीखाली बाबांनी पुन्हा दोन रेघा ओढल्या. वर लिहिले ‘इथे’, ‘तिथे’. बाजूला ‘बाबांसोबत’, ‘एकटी’.

“आकडे सांग. दहापैकी.”

“असं काय करता?”

“इथे, बाबांसोबत. खरा आकडा हवा, माझ्या तोंडाकडे बघून नको.”

खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होते. ती घरघरे आणि बंद पडे.

“तीन,” ती म्हणाली.

बाबांनी तो नीट, गोल काढून लिहिला. “तिथे, एकटी?”

“आठ असेल. अंदाजे.”

“आणि हे दोन?”

“ते कुठे करून पाहिलंय?”

“मग दोन गोष्टी एकदम बदलून निकाल कसा लावलास? जागा बदलली की बाबा वजा, असं कोणी सांगितलं तुला? वर्गात असतीस तर बाकावर उभी केली असती.”

“तुम्हाला हे घर सोडवेल?”

“मला विचारलंस कधी?”

बाबांनी पेन्सिल तिच्यापुढे धरली आणि ‘तिथे, बाबांसोबत’ या चौकोनावर बोट ठेवले. तिने पेन्सिल घेतली, टोक कागदाला टेकवले. सहा लिहावे की दोन, हात पुढे सरकेना.

“राहू दे,” बाबा म्हणाले. “मोजल्याशिवाय आकडा लिहायचा नसतो.”

मग पलंगाच्या कडेला हात टेकून, तिची वाट न बघता, ते उठून बसू लागले.