मामांच्या पानावरची एक ओळ

मी पोटासाठी दोन ओळी लिहिते. तुम्ही इंटरनेटवर काही शोधलंत की जी यादी समोर येते, तिच्यात प्रत्येक पानाचं एक ठळक शीर्षक असतं आणि त्याखाली बारीक अक्षरांत थोडंसं वर्णन. ते आपोआप उगवत नाही, कुणीतरी लिहिलेलं असतं. त्याला मेटा टॅग म्हणतात. शीर्षक साठ अक्षरांच्या आत, वर्णन दीडशेच्या आसपास. मी दिवसाला चाळीस पानांचं लिहिते. हे काम घरी कुणाला कळत नाही. आईने "ती कॉम्प्युटरमध्ये आहे" असं सांगून विषय केव्हाच मिटवला आहे.

कळलं ते एकट्या मामांना. "म्हणजे तू पाट्या रंगवतेस," ते म्हणाले. दहा वर्षांत माझ्या साहेबांनाही इतकं नेमकं सांगता आलेलं नाही.

मामांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान. तीस वर्षं मोठ्या रस्त्यावर होतं. तीन वर्षांपूर्वी रस्ता रुंद झाला, दुकान पाडलं गेलं आणि मामा दोन गल्ल्या मागे, एका अरुंद जिन्याच्या पहिल्या मजल्यावर गेले. नवा पत्ता लोकांना सापडावा म्हणून मी त्यांना इंटरनेटवर एक पान करून दिलं. फुकट, हौसेनं आणि सगळ्या नातेवाइकांसमोर.

त्यांच्याकडे एक वही असते. चार रकाने: ग्राहक, तक्रार, कारण, दुरुस्ती. तक्रार ग्राहकाच्या शब्दांत, जशीच्या तशी. "धागा खातं." "मधेच टाका सोडतं." "चालवलं की शेजारीण भिंत ठोकते." "सासूबाई गेल्यापासून अडून बसलंय." कारणाच्या रकान्यात मात्र मामांचे शब्द: सुई उलटी, तेल नाही, पट्टा सैल. दहातल्या नऊ वेळा चूक मशीनची नसते, चालवणाऱ्याची असते, पण तसं मामांनी कधी लिहिलं नाही. "सुई उलटी लागली" एवढंच. कुणी लावली, हे त्या वहीत कुठेही नाही.

मी पानाचं वर्णन लिहिलं तेव्हा वहीकडे ढुंकून पाहिलं नाही. मी लिहिलं: "अनुभवी, विश्वासार्ह आणि दर्जेदार सेवा." असं मी दाताच्या दवाखान्यांसाठीही लिहिते.

नव्या जागेत गिऱ्हाईक आलं नाही. जुने चार-पाच येत, तेही जिन्याला शिव्या देत. कुठल्याही कार्याला भेट झाली की मामी विचारायची, "काय गं, लागलं का तुझं पान वर?" मी म्हणायचे, "वेळ लागतो, मामी." आमच्या धंद्याचं हे ठरलेलं उत्तर आहे. ते खोटं नसतं, म्हणून तर इतकी वर्षं खपतं.

गेल्या गुरुवारी दुपारी मामांचा ऑफिसात फोन आला.

"शनिवारी किल्ली देतोय. मोबाइलची कव्हरं विकणारा एकजण आहे, त्याला हवीय जागा. तू ते पान तेवढं झाकून टाक. कुणी शोधत आलंच, तर जिना चढून कव्हरं बघायला नको."

"पण मामा, एवढी घाई कशाला?"

"घाई कसली? तीन वर्षं वाट पाहिली. आता दुरुस्ती नकोच असते लोकांना." मग म्हणाले, "आणि खरं सांगू का? माझा हात गेलाय. काम चांगलं असतं तर दोन गल्ल्या मागे आले नसते का लोक?"

मी फोन ठेवला आणि पान उघडलं. पान झाकायला फार काही करावं लागत नाही. पानाच्या कोडमध्ये अगदी वर 'नोइंडेक्स' म्हणून एक ओळ घालायची. ती शोधयंत्राला सांगते की हे पान यादीत घेऊ नकोस. सरळ पत्ता टाकला तर पान उघडतं, शोधून मात्र कधीच सापडत नाही. मी ती ओळ घालायला गेले.

ती ओळ तिथे होतीच.

अर्धवट पान लोकांना दिसू नये म्हणून ते तयार होईपर्यंत ही ओळ घालून ठेवतात. तयार झालं की काढतात. ती काढायला विसरू नका, हा आमच्या ऑफिसातल्या तपासणी यादीतला पहिला मुद्दा आहे. यादी मी केली आहे. लॅमिनेट करून भिंतीवर मीच लावली आहे. गेली तीन वर्षं मामा, मामी आणि मी आपापल्या फोनवर साठवलेल्या पत्त्यावरून पान उघडत होतो आणि "दिसतंय की!" म्हणत होतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

गावात महिन्याला किती जण 'शिलाई मशीन दुरुस्ती' शोधतात तो आकडा काढला. दोनशे दहा. त्याला छत्तीसने गुणलं नाही.

गुपचूप ओळ काढून टाकावी, असं मनात आलं. मामांना कळलं नसतं, कुणालाच कळलं नसतं. पण ओळ काढली तरी पान यादीत यायला काही दिवस जातात. या वेळी खरोखरच वेळ लागणार होता आणि किल्ली परवा जाणार होती. ती थांबवायची तर खरं सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

शुक्रवारी अर्धी रजा टाकून गेले. मामी बॉबिनी डब्यांत भरत होती. मामा स्टुलावर बसून एक जुनं मशीन उघडत होते. ते कुणाचं नव्हतं, दुकानातलंच होतं. मामी म्हणाली, "आठवड्यात तिसऱ्यांदा खोलताहेत. हात बघताहेत म्हणे आपला."

मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

मामीने डब्याचं झाकण लावलं. "म्हणजे तीन वर्षं पाटीच नव्हती?"

"पाटी होती, मामी. तिच्यावर गोणपाट होतं."

"कुणी टाकलं?"

"मी."

"वेळ लागतो म्हणे," मामी म्हणाली, आणि पुढचा डबा ओढून घेतला. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मामांनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "दोनशे दहा?"

"महिन्याला."

"दुरुस्ती हवी म्हणून?"

"हो, मामा."

त्यांनी दोन्ही हात पुढे धरले, पालथे केले, पुन्हा उताणे केले. "म्हणजे हात ठीक आहे," ते म्हणाले. माझ्याशी नाही, हातांशीच. मग मला रडू आलं. तीन वर्षं हा माणूस रोज सकाळी जिना चढून आपल्याच हातांवर संशय घेत बसला होता, आणि मी त्याला धीर धरायला सांगत होते.

"रड नंतर," मामा म्हणाले. "आधी ती ओळ काढ."

मी लॅपटॉप उघडला. मामीने चष्मा लावला आणि स्क्रीनला नाक टेकेल इतकी वाकली. ओळ गेली.

"एवढीशी?"

"एवढीशीच."

मग मी वर्णन खोडलं आणि मामांची वही मागून घेतली. लोक फोनवर काय टाइप करतात ते तीस वर्षं तिथे लिहिलेलं होतं. मी वाचत गेले, मामा निवडत गेले. शेवटी ठरलं: "धागा तुटतो? टाका सुटतो? मशीन खडखडतं? दुकान बंद नाही. दोन गल्ल्या मागे, पहिला मजला. जिना अरुंद आहे, मशीन वर न्यायला मी खाली येतो." माझ्या हातून गेलेल्या वर्णनांत इतकं चांगलं दुसरं नाही. त्यात माझा एकही शब्द नाही.

मामांनी कव्हरवाल्याला फोन लावला. "उद्या किल्ली देत नाही." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. मामांनी माझ्याकडे पाहिलं. "ते आत्ता कसं सांगू? वेळ लागतो," म्हणाले आणि फोन ठेवला. मामी हसली. मला हसायची हिंमत झाली नाही. मामी डब्यांतल्या बॉबिनी परत खणात लावू लागली.

मी निघाले तेव्हा मामा वहीत लिहीत होते. तक्रार: पान दिसत नाही. कारण: एक ओळ जास्त राहिली. दुरुस्ती: झाली. मी त्यांच्या हातून पेन घेतलं आणि कारणाच्या रकान्यात पुढे लिहिलं, "भाचीच्या हातून."

मामांनी ते वाचलं. पेन परत घेतलं आणि ते दोन शब्द पट्टी लावून नीट खोडले.

"या रकान्यात माणूस लिहायचा नसतो," ते म्हणाले. डावीकडचा पहिला, ग्राहकाच्या नावाचा रकाना रिकामा राहिला होता. मग तिथे त्यांनी लिहिलं: भाची.