तार सोडलेला नॉब

या, जवळ सरकून बसा. एका नॉबची गोष्ट सांगतो; देवाचं नाव घेऊन सांगतो, म्हणजे जीभ वाकडी वळायची नाही.

कागद गिरणीतला वाफेचा काळा नॉब, बोटांनी झिजून एका अंगाने गुळगुळीत झालेला, आणि त्यावर मामाचा अंगठा... तो वाफ केसभर वाढवतो, कान पुढे करतो, थांबतो. भाची मागे उभी. नॉबमागची तार तिनेच मघाशी, मामा जेवायला गेला तेव्हा, सोडली होती.

कागदाचं मशीन थांबता कामा नये, एवढीच गिरणीच्या साहेबांची तिला अट. मशीन चालवणारे जुने रिले, म्हणजे विजेचे खटके, नंतर कधीतरी डकवलेले दोन जातींचे कंट्रोलर — एका घरात राहून एकमेकींशी न बोलणाऱ्या जावांसारखे — आणि तिने कागद सुकवणारा एकेक रोलर नव्या संगणकावर असा नेला, की चालत्या कागदाला सुरकुती पडली नाही. ओला कागद कसा वाजतो, वाफ कधी आवरायची, मामा शेजारी बसून सांगत गेला. ती संगणकाला शिकवत गेली. शेवटचा रोलर उद्या. तोवर शिकवायला मामा हवा, मग नको. हे तिला ठाऊक, त्याला नाही. आत्ता कळलं तर तो उठून जाईल, रोलर अडेल, मशीन बंद. म्हणून वाफ संगणकाने सांभाळायची, नॉब नुसता जागेवर राहू द्यायचा, त्याला फिरवू द्यायचा... ही युक्ती कुणाची? माझी, ती मनाशी म्हणाली, माझीच. साहेबांनी शाबासकी दिली तेव्हा मला बरंही वाटलं — आई गेल्यावर याच बोटांनी तो माझी वेणी घालायचा, वाकडी, आणि म्हणायचा, कुणी हसलं तर माझं नाव सांग...

फिटरने इतरांना डोळा मारला. "मामा, जपून हं. भलतीच वाफ व्हायची."

सगळे हसले. कौतुक समजून मामाही हसला. आणि तिलाही हसू फुटलं, अगदी पोटातून.

कागद कोरडा, सरळ येत होता.

"बघितलंस?" मामा म्हणाला. "तुझं यंत्र शिकेल गं सगळं, पण हात कुठून आणील? ये, तू फिरव. उद्या मी नसलो तर?"

तिने नॉब धरला. त्याच्या बोटांनी अजून कोमट होता. फिरवला.

"कळलं?"

"हो मामा."

"काय कळलं?"

"वाफ... वाढली."

"गुणाची माझी." त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती वाट बघत राहिली — आता आत काही हलेल, निदान लाज तरी... हात फिरत होता, कोमट, केसांवरून पुन्हा पुन्हा. आणि आत काहीच हलत नव्हतं.

माय-बापहो, देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या मामाची आठवण ठेवा. तिची ठेवायची की नाही, ते मला सांगवत नाही.